जबडा आपोआप उघडत होता आणि मी व्हॉल्व्ह बदलायला सांगत होतो

मामांचा फोन आला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये डबा उघडत होतो. "काय इंजिनियर, तुमच्या बकेटनं परत मुरूम सांडला बघा रस्त्यावर." तुमच्या म्हणे! बकेट घेतली मामांनी, बनवली कुणा तिसऱ्यानं, मी फक्त दिवाळीत उरुळी कांचनला गेलो होतो तेव्हा "छान आहे की" एवढं म्हणालो होतो, तेवढ्यावर ती माझी झाली. मी भोसरीत प्रेसचे पॉवर पॅक करतो, ट्रॅक्टरचं काम आयुष्यात कधी केलं नाही, पण एकदा घरात हायड्रॉलिकवाला म्हणून शिक्का बसला की जेसीबीपासून शेजाऱ्यांच्या गाडीच्या ब्रेकपर्यंत सगळं तुमच्याच गळ्यात.

पण यावेळी मामांचं बरोबर होतं, कारण आधी दोनदा मी फोनवर जे सांगितलं होतं ते चुकलं होतं. म्हणून हे लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कुणाचा मुरूम तरी वाचेल.

आधी बकेट काय आहे ते सांगतो. मामांचा ५५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, पुढे लोडर बसवलाय, आणि त्याला साधी बकेट नाही तर फोर इन वन बकेट आहे. म्हणजे बकेटचे दोन तुकडे, मागची उभी पाटी आणि पुढचा जबडा, दोन्ही वरती बिजागरीसारखे पिनवर जोडलेले, आणि दोन बाजूंना दोन छोटे जॅक. जबडा बंद असला की नेहमीची बकेट, पूर्ण उघडला की मागची पाटी डोझरसारखी वापरायची, जरासा उघडून मागे ओढत नेलं की शेतात शेणखत एकसारखं पसरतं, आणि चिमट्यासारखा वापरला की पाचट, बाभळीची खोडं, राडारोडा काय हवं ते उचला. ही कल्पना जुनी आहे, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ड्रॉट नावाच्या कंपनीनं ती गेल्या शतकाच्या मध्यावर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या क्रॉलर ट्रॅक्टरवर बसवून गाजवली. आपल्याकडे आता गावोगावचे फॅब्रिकेटर बनवून देतात, आणि लोखंडाचं काम खरंच चांगलं करतात, कडेची ब्लेड बघितली तर वेल्डिंग अगदी नजर लागावी असं. गडबड असते ती पाईपात.

साध्या लोडरला दोनच कामं असतात, उचलणं आणि बकेट वाकवणं, त्यासाठी व्हॉल्व्ह बँकेत दोन स्पूल (तेलाची वाट बदलणाऱ्या सरकत्या दांड्या) आणि एकच जॉयस्टिक. जबडा हे तिसरं काम आलं. त्यासाठी तेल आणायचं कुठून? एक तर बँकेत तिसरा स्पूल घाला, किंवा ट्रॅक्टरच्या मागच्या रिमोटपासून, म्हणजे अवजारांना तेल द्यायच्या जोडणीपासून, लांबच लांब पाईप पुढे आणा (मग जबड्यासाठी मागे वळून लिव्हर शोधत बसा, एक हात स्टिअरिंगवर), किंवा सगळ्यात स्वस्त म्हणजे डायव्हर्टर. डायव्हर्टर म्हणजे रेल्वेच्या रुळाचा सांधा समजा. बकेट वाकवायचे जे दोन पाईप आहेत ते मधेच तोडून त्यात बसवायचा, जॉयस्टिकच्या मुठीवर एक बटण, बटण दाबलं की १२ व्होल्टची कॉईल आतला स्पूल सरकवते आणि तेच तेल बकेटच्या जॅकऐवजी जबड्याच्या जॅकला जातं. बटण सोडलं की परत बकेटला. मामांच्या ट्रॅक्टरचा गिअर पंप सतत फिरणारा, ओपन सेंटर सिस्टीम, म्हणजे काम नसताना तेल बँकेतून सरळ टाकीत परत जातं, त्यात भलताच व्हॉल्व्ह घातला तर रिलीफ, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह, कायम उडत राहतो आणि तेल चहासारखं उकळतं, पण डायव्हर्टरला त्या भानगडीशी देणंघेणं नाही कारण तो बँकेच्या पुढे बसतो. म्हणून फॅब्रिकेटर लोकांना तो फार आवडतो. तोटा एकच, वाकवणं आणि चावणं एकाच वेळी होत नाही.

आणि त्यातूनच पुढचा प्रश्न येतो. तुम्ही खोड चावून धरलं, बटण सोडलं, आता बकेट वाकवताय, तेव्हा जबड्याच्या जॅकमधलं तेल कोण धरून ठेवणार? डायव्हर्टरचा स्पूल धरतो, पण स्पूल म्हणजे भोकात सरकणारी दांडी, तिला सील नसतं, फक्त अगदी बारीक फट असते, त्यातून तेल झिरपणारच, नव्या कोऱ्या व्हॉल्व्हमधून पण झिरपतं. म्हणून जॅकजवळ पायलट चेक व्हॉल्व्ह बसवतात. तेल जॅकमध्ये जाऊ देतो, परत येऊ देत नाही, आणि जबडा उघडायचा असेल तेव्हा दुसऱ्या बाजूच्या पाईपातलं प्रेशर एका छोट्या पायलट पिस्टनला ढकलतं आणि तो चेकची गोळी उचलून वाट मोकळी करतो. मामांच्या बकेटला तो होता. तरी बंद जबडा भरलेल्या मुरमाच्या वजनानं पाच मिनिटांत दोन बोटं उघडायचा, आणि पाच मिनिटं म्हणजे खदानीपासून मामांच्या शेतरस्त्यापर्यंतचं अंतर.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा गावातले मिस्त्री मामांच्या शेजारीच उभे होते, फोन स्पीकरवर. मिस्त्री म्हणाले, जॅकचं सील गेलंय. आणि मी, भोसरीचा शहाणा, म्हणालो की नाही हो मिस्त्री, सील गेलं असलं तरी जॅक आत जाऊच शकत नाही, आणि तो आत गेल्याशिवाय जबडा उघडत नाही. आणि हे खोटं नाही बरं का! विचार करा, जॅकची दोन्ही तोंडं बंद आहेत, पिस्टनचं सील फाटलंय, तेल या बाजूचं त्या बाजूला जाऊ शकतं. पण रॉड आत शिरायचा म्हणजे त्याला आत जागा पाहिजे, आणि आत तर सगळं तेलच भरलंय, ते बाहेर जायला वाट नाही. मग रॉड शिरणार कुठे? दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं, वाढतं, पण जॅक थांबतो. हे मी फोनवर दहा मिनिटं समजावलं, मामांनी मधे दोनदा "हं हं" केलं, आणि निष्कर्ष सांगितला की चेक व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा असणार, बदलून टाका. बदलला. "थोडा फरक वाटतोय," मामा म्हणाले, पैसे घातल्यावर थोडा फरक सगळ्यांनाच वाटतो. पंधरा दिवसांनी परत तेच, मी म्हणालो नवा पण खराब निघाला असेल. तिसरा बसवला. मग हा मुरमाचा फोन.

रविवारी सकाळी निघालो. हडपसरला जे व्हायचं ते झालं, लोणीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये. सोबत ऑफिसातली दोन २५० बारची प्रेशर गेज, चार निपल, दोन टी आणि मूठभर डाउटी वॉशर (आतून रबराची कड असलेले). डाउटी वॉशर नेहमी जास्तच घेऊन जा, आणि थ्रेड आधी विचारून घ्या, आपल्याकडे बहुतेक ब्रिटिश पद्धतीचं बीएसपी असतं पण आयात केलेल्या लोडरवर अमेरिकन पद्धतीचं जेआयसी निघतं, एकाचा कोन ६० अंश दुसऱ्याचा ३७, पान्यानं जोर लावून बसवलं तर बसल्यासारखं वाटतं आणि प्रेशरला तेलाची फवारणी.

पाईप खोलायच्या आधी एक गोष्ट, जी मिस्त्रींना पण माहीत नव्हती. बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद, लिव्हर चारही दिशांना हलवला, प्रेशर गेलं असं आपण धरतो. बकेटच्या आणि उचलायच्या पाईपातलं गेलं, जबड्याच्या नाही! कारण डायव्हर्टर बंद आहे. किल्ली ऑन करून, बटण दाबून धरून लिव्हर दोन्हीकडे हलवायला लागतो, तेव्हा पाईप रिकामा होतो. आणि चेक व्हॉल्व्हच्या पलीकडे, जॅकच्या आत, तेव्हाही प्रेशर अडकलेलं असू शकतं, म्हणून ते नट अर्धा आटा ढिले करून, तोंड बाजूला ठेवून, थोडा वेळ थांबायचं. आणि गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. बारीक धार कातडीत घुसते, आधी डास चावल्यासारखं वाटतं, आणि ते साधं नसतं, लगेच हॉस्पिटलला पळायचं काम असतं.

एक गेज लावलं बोअर साइडला (पिस्टनची बिनरॉडची बाजू, तिच्यात तेल गेलं की जबडा बंद होतो), चेक व्हॉल्व्ह आणि जॅकच्या मधे. दुसरं रॉड साइडच्या, म्हणजे जबडा उघडायच्या, पाईपाला. जबडा बंद केला, लिव्हर थोडा दाबून धरला आणि बटण सोडलं. बोअर साइड १२० बार, रॉड साइड शून्य. मामांनी चहा मागवला. मी उकिडवा बसून काट्याकडे बघत होतो.

मिनिटभरात रॉड साइडचा काटा उठला. ५. मग १०. आता ही गोष्ट बघा, पंप बंद, इंजिन बंद, त्या पाईपाला कुठूनच तेल येत नाहीये आणि तरी प्रेशर चढतंय. म्हणजे तेल पिस्टन ओलांडून येतंय, म्हणजे सील गेलंय. मिस्त्री माझ्या मागे उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त बिडी विझवली. १८. २४. बोअर साइड ११० वर आली होती. २७, २८, आणि तिथं हलकासा टक आवाज झाला, बोअर साइडचा काटा एकदम थोडा खाली आला आणि जबड्याच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग ती वाढतच गेली.

चेक व्हॉल्व्ह खराब नव्हता. त्याला उघडायला सांगितलं गेलं होतं. या व्हॉल्व्हचं पायलट गुणोत्तर ४ ला १, म्हणजे आत ११० बार अडकलेले असतील तर समोरच्या पाईपात साधारण २७-२८ आले की गोळी उचलते. हे २८ बार यायला हवेत ड्रायव्हरनं लिव्हर मारल्यावर. पण बटण सोडलं की डायव्हर्टर रॉड साइडचा पाईप पण बंद करतो, त्या बंद पाईपात फाटक्या सीलमधून तेल साठतं, प्रेशर चढतं, आणि व्हॉल्व्हला काय कळणार ते लिव्हरचं आहे की गळतीचं? तो बिचारा इमानदारीत उघडतो. मग बोअर साइडचं तेल डायव्हर्टरपर्यंत मोकळं, आणि तिथल्या स्पूलच्या फटीतून थेंब थेंब टाकीत.

आणि माझं ते थोर गणित? रॉडला आत शिरायला जागा लागते, बरोबर. पण किती? जॅकचा बोअर ६३ मिलिमीटर, रॉड ३५. रॉडचं क्षेत्रफळ साधारण ९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जॅक एक मिलिमीटर आत जायला दोन्ही जॅक मिळून जेमतेम २ सीसी तेल बाहेर जायला हवं, बाकीचं तर नुसतं पिस्टन ओलांडून पलीकडे जातंय. दहा मिलिमीटरला २० सीसी, चार चमचे, पाच मिनिटांत. जुन्या स्पूलमधून एवढं सहज जातं. मी तोंडं "बंद" धरली होती, पण स्पूल म्हणजे काही झाकण नाही. कागदावर बंद आणि लोखंडात बंद यात चार चमच्यांचा फरक, आणि त्यासाठी मी मामांना दोन व्हॉल्व्ह घ्यायला लावले.

मिस्त्री तेव्हा बोलले. "सील म्हटलं होतं मी." एवढंच. मी म्हटलं हो. दुसरं काय म्हणणार.

जॅक खोलला. डावा तसा बरा होता, उजव्याच्या पिस्टन सीलची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, जागोजागी तुकडे निघालेले. झिजलेलं सील असं दिसत नाही, ते गुळगुळीत होतं. असं कुरतडलेलं दिसतं ते प्रेशरचा दणका बसून सील फटीत घुसतं तेव्हा. मग विचारलं, मामा, जबडा उघडा ठेवून दगडाला ढुसणी मारता का? मामांनी मुलाकडे बघितलं, मुलानं ट्रॅक्टरकडे बघितलं.

पण त्याला तरी काय बोलणार, डोझर म्हणून विकलीये तर डोझर म्हणून वापरणारच ना. चूक सर्किटची आहे. जबड्याला दगडाचा दणका बसला की बोअर साइडचं तेल दाबलं जातं. साध्या बकेटला असं झालं तर बँकेत पोर्ट रिलीफ असतो तो उघडतो आणि दणका खाऊन टाकतो. इथं मधे चेक व्हॉल्व्ह बसलाय, तो तेल परत येऊच देत नाही, म्हणजे दणका रिलीफपर्यंत पोचतच नाही, सगळा जॅकच्या अंगावर. बँकेचा रिलीफ १६० ला सेट आहे हे खरं, पण चेकच्या पलीकडे तो लागूच नाही. आणि दणका सोडा, नुसतं ऊन पुरेसं आहे. सकाळी थंड तेलावर जबडा घट्ट बंद करून एप्रिलच्या उन्हात लावून ठेवा, बंद जागेत कोंडलेलं तेल एका अंशाला ढोबळमानानं १० बार प्रेशर वाढवतं, पाईप थोडा फुगतो म्हणून प्रत्यक्षात कमी, पण तरी २० अंशांचा हिशोब करून बघा. चेक आणि जॅकच्या मधे एक छोटा रिलीफ हवाच, पंपाच्या रिलीफपेक्षा थोडा वर सेट केलेला. मुठीएवढा ब्लॉक असतो. लाखाच्या बकेटला तो नसतो, कारण तो दिसत नाही, रंग देता येत नाही.

सील किट मिस्त्रींनी बसवलं, मी फक्त पाने दिले. नवीन सील गरम पाण्यात टाकून मऊ करून त्यांनी अंगठ्यानं असं काही खाचेत सरकवलं की मला आमच्या ऑफिसातली पोरं आठवली, स्क्रूड्रायव्हरनं ओढून बसवतात आणि कड कापतात.

मी एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं, पण सील परत कधीतरी जाणारच आणि त्या दिवशी परत हाच खेळ होणार. पायलट चेक लावायचा असेल तर त्याच्या मागचा स्पूल मधल्या जागी असताना दोन्ही पाईप टाकीला मोकळे सोडणारा हवा, आपल्याकडे दुकानात मोटर स्पूल म्हणून मागितलं की देतात. मग गळती झाली तरी पायलटच्या पाईपात प्रेशर साठत नाही, टाकीत निघून जातं, आणि चेकची गोळी बसून राहते. सिलेंडर स्पूल मात्र मधल्या जागी सगळं बंद करतो. डायव्हर्टरवर हे होत नाही. म्हणून दोन आठवड्यांनी बँकेला तिसरा सेक्शन जोडला, मोटर स्पूलचा, छोटा लिव्हर जॉयस्टिकच्या शेजारी. वायरिंग गेलं, बटण गेलं, मामांच्या मुलाला थोडं वाईट वाटलं कारण बटण मॉडर्न वाटायचं. पण आता चावत चावत वाकवता येतं, ते त्याला दुसऱ्याच दिवशी आवडलं.

ज्यांच्याकडे डायव्हर्टरच राहणार आहे त्यांना वायरिंगचं एक सांगतो. कॉईल साधारण ३० वॅटची, म्हणजे अडीच अँपिअर. ती हेडलाइटच्या बारीक वायरवरून घेतली की कॉईलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, स्पूल अर्धाच सरकतो, आणि जबडा पण हलतो बकेट पण वाकते, माणूस चक्रावतो. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर, मधे रिले, कॉईलवर उलटा डायोड. तपकीर गल्लीत हे सगळं सामान एका चहाच्या वेळात मिळतं. आणि डायव्हर्टर घेताना पंपाचं लिटर बघून घेऊ नका. पंप मिनिटाला ३५ लिटरचा असला तरी जबडा उघडताना तेल रॉड साइडला जातं आणि बोअर साइडनं जास्त परत येतं, ६३-३५ च्या जॅकला जवळजवळ दीडपट, म्हणजे ५० लिटर त्याच भोकातून.

हाच दीडपट दुसरीकडे पण चावतो. तिसरा सेक्शन बसवला त्याच दिवशी पाईप जोडताना रॉड साइडचा क्विक कपलर नीट बसला नाही, टक झालं असं मला वाटलं, पण झालं नव्हतं. मामांच्या मुलानं जबडा बंद करायला लिव्हर ओढला, इंजिन घुमलं, जबडा जागचा हलेना. रॉड साइडचं तेल कपलरला अडकलेलं, मागून १६० बार ढकलताहेत, आणि मोठ्या क्षेत्रफळावरचा जोर छोट्या क्षेत्रफळावर पेलायचा म्हणजे तिकडे २३० च्या वर. माझं २५० चं गेज शेवटच्या घरात गेलं. मी ओरडलो, मिस्त्रींनी त्याच्या हातातून लिव्हर सोडवला. पाईप चांगल्या क्लासचा होता म्हणून निभावलं.

परवा परत गेलो होतो, गेज आणायला. बोअर साइडचं गेज मी टी सकट तसंच ठेवून आलो होतो. मामा म्हणाले राहू दे की. आता मुरूम भरला की ते रोज खाली उतरून काटा बघतात, ११५ आहे, ११८ आहे, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात. ऑफिसच्या स्टोअरला मी अजून सांगितलेलं नाही.